घोडीच्या पलीकडून

१

थोरलीने जन्मात धाकटीला काय काय दिलं, याची उजळणी ती अधूनमधून स्वतःशी करत असे. आधी आईची कूस दिली, मग खिडकीजवळची खाट, मग सायकल, मग बाबांचं कौतुक. मागितलं कुणीच नव्हतं. धाकटी आली आणि सगळं आपोआप तिच्याकडे सरकलं. एक भुरी तेवढी सरकली नव्हती.

भुरी ही बाबांच्या तबेल्यातली राखी रंगाची घोडी. तिला जन्म देऊन तिची आई गेली, आणि थोरलीने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं. धाकटी तेव्हा परगावी नोकरीत रमली होती. शिंगरू असताना भुरी घाबरली की थोरलीच्या काखेत तोंड खुपसायची. मोठी झाल्यावर ते थांबलं, पण एक गोष्ट राहिली. थोरली लांबून दिसली की ती मान खाली घेऊन नाकातल्या नाकात हलकंसं हुंकारायची. खिंकाळायची ती सगळ्यांसाठी, चाऱ्याच्या डब्यासाठीसुद्धा. हुंकार मात्र फक्त थोरलीसाठी. बाबांच्या वाट्याला तो गाजर हातात धरूनही कधी आला नाही.

आता बाबांचे गुडघे गेले होते आणि तबेला बंद होणार होता. धाकटी परत आली ती मागे मोठं आवार असलेलं घर घेऊनच. थोरली राहायची तिसऱ्या मजल्यावर.

"भुरीला लिफ्टने नेणार आहेस का?" बाबांनी हसत विचारलं होतं. थोरलीला ते हसू जिव्हारी लागलं. मग बाबा गंभीर होऊन म्हणाले, "दोघी तळावर जाऊन या घोड्यांना घेऊन. परत आलात की मला सांगा, भुरी कुणाची. भांडू नका म्हणजे झालं."

म्हणजे घोडामैदान जवळच होतं. थोरलीने त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं की सायकल गेली ती गेली, घोडी जाणार नाही.

घरात घोड्यांपायी दोन नियम होते. पहिला बाबांचा. घोड्याच्या मागून पलीकडे जायचं तर हात त्याच्या अंगावरून काढायचा नाही आणि बोलणं थांबवायचं नाही, म्हणजे त्याला कळतं की आपलंच माणूस आहे. "हात आणि तोंड, दोन्ही चालू!" असं ते ओरडायचे. दुसरा नियम बहिणींचा. खरारा करताना थोरली डावीकडे उभी राहायची, धाकटी उजवीकडे. मधे घोडं असल्यामुळे तोंडं दिसत नसत, आणि तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतं. पेन कुणी मोडलं, चुगली कुणी केली, कोण कुणाला आवडत नाही, सगळं तिथे बाहेर पडायचं. पण घोड्याच्या पलीकडून बोललेलं मनावर घ्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. काम संपलं की विषय संपला.

२

तळ म्हणजे गावाबाहेरचं एक मोकळं मैदान. घोडी घेऊन येणाऱ्यांसाठी तिथे लोखंडी नळ्यांचे चौकोनी कठडे बांधलेले होते, तंबू ठोकायला सपाट जागा होती, एक पाण्याचा नळ आणि वर रस्त्याकडेला राखणदाराची खोली. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे दुसरं कुणी आलेलं नव्हतं. थंडी चांगलीच होती आणि मैदानाच्या खालच्या अंगाला दिवसासुद्धा धुकं साचून राहत होतं.

धाकटीबरोबर बाबांचा म्हातारा घोडा होता. त्याला सगळे काका म्हणायचे, कारण त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची. गाडीतून उतरतानाच त्याने मैदानाकडे बघून नाक फेंदारलं. धाकटीने त्याला वरच्या, उन्हातल्या कठड्यात घातलं आणि म्हणाली, "ताई, हा शेजारचा भुरीला घे ना. दोघं एकमेकांना बघत राहतील."

शेजारचा घेतला की धाकटी काकाला चारता चारता भुरीलाही चारणार, हे थोरलीला दिसत होतं. तिने सरळ उताराच्या टोकाचा, सगळ्यात शेवटचा कठडा गाठला.

"वरचे सगळे मोकळे आहेत की," राखणदार म्हणाला. "त्या शेवटच्यात घोडी खात नाहीत नीट."

"माझी खाते," थोरली म्हणाली.

राखणदाराने खांदे उडवले आणि चाऱ्याचा भारा उताराच्या वरच ठेवून दिला. तिथून खाली तो आला नाही.

सकाळी थोरली खरारा घेऊन खाली गेली तर भुरीला खरारा झालेला होता. अंगावर धुळीचा कण नव्हता. थोरलीने सवयीने मानेवर हात ठेवला आणि तो अडखळला. केस उलटे होते. घोड्याचा केस मानेकडून शेपटीकडे वळतो, आणि त्याच वळणाने खरारा करतात. इथे शेपटीपासून मानेपर्यंत सगळं अंग उलट्या हाताने, अगदी निगुतीने बसवलेलं होतं. उलटा हात घोड्याला खपत नाही, ते अंग थरथरवतं, चावायला धावतं. भुरीने हे सगळं अंगभर करू दिलं होतं.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पाल धाकटीचंच नाव घेत होती.

"तू खाली गेली होतीस?" तिने तंबूत येऊन विचारलं.

"मी? मी आत्ता डोळे उघडलेत, ताई. चहा तरी होऊ दे."

"भुरीला कुणीतरी खरारा केलाय. तोही उलटा."

"मग मी नक्कीच नाही. उलटा केला असता तर बाबांनी तिथून इथे येऊन माझा कान धरला असता." धाकटी हसली आणि पांघरुणात शिरली.

थोरलीला ते हसणंही बाबांसारखं वाटलं. चोराच्या उलट्या बोंबा, ती मनात म्हणाली. मग तिने विचार केला, दव पडलं असेल, भुरी कठड्याला अंग घासत असेल. पण कठड्याला घासून पोटाखालचे केस कसे उलटे होतील, याचं उत्तर तिला सापडेना. धाकटी मात्र लगेच सापडत होती.

३

दिवसभर दोघी घोड्यांवर हिंडल्या. ओढ्यापर्यंत गेल्या, झाडीतून फिरून आल्या. धाकटी जुन्या गोष्टी काढून हसत होती, आणि थोरली तिच्या तोंडाकडे न बघता भुरीच्या कानांकडे बघत होती. धाकटी बोलली की भुरीचा कान तिकडे वळायचा. घोड्याचा कान आवाजाकडे वळणारच. पण हे समजत असलं तरी सोसत नव्हतं.

परत आल्यावर तिने भुरीला शेवटच्या कठड्यात सोडलं आणि चारा आणायला उतार चढून वर गेली. भारा उचलून खाली यायला लागली तेवढ्यात तिला हुंकार ऐकू आला. दिवसभराचा शीण उतरला. ती जवळजवळ धावतच उतरली.

भुरीची तिच्याकडे पाठ होती. ती कठड्याच्या पलीकडच्या बाजूला, धुक्याकडे तोंड करून उभी होती आणि तिची मान खाली झुकलेली होती. पुन्हा एकदा तोच हुंकार आला, सावकाश, लाडाने.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी मघाशी ओले मोजे वाळत घालायला त्याच बाजूला गेली होती. म्हणजे तिथेच उभी राहून घोडीला भुलवते आहे! भारा टाकून थोरली कठड्याला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे वाढलेलं गवत होतं आणि कुणी नव्हतं. वर बघितलं तर धाकटी काकाच्या खुरातले खडे काढत बसली होती.

एवढ्यात ती वर कशी पोचली? थोरलीने स्वतःलाच सांगितलं, धावत गेली असेल, लहानपणी शर्यतीत तीच पुढे असायची. मत्सराचं एक बरं असतं. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, आणि ते एकच असतं.

उतारावर राखणदार उभा होता. "खाते ना नीट?" त्याने लांबूनच विचारलं.

थोरलीने चाऱ्याकडे पाहिलं. कठड्यातला कालचा चारा तसाच पडलेला होता. "खाते," ती म्हणाली.

४

संध्याकाळी उजेड असतानाच ती खराऱ्याला लागली. धुकं गुडघ्याएवढं चढलं होतं. ती भुरीच्या डाव्या बाजूला होती आणि उलटे केस सुलटे करत होती. थोड्या वेळाने पलीकडून खराऱ्याचा आवाज यायला लागला. कुणी आल्याची चाहूल लागली नव्हती, पण ओल्या गवतावर चाहूल कसली लागणार? थोरलीने वाकून भुरीच्या पोटाखालून पाहिलं. धुक्यात दोन पाय दिसले. पाय आहेत म्हणजे धाकटी आहे, एवढं बघून ती सरळ झाली.

"आलीस?" ती म्हणाली.

पलीकडे खरारा चालू राहिला. लांब, एकसारखा हात.

"गप्प बसू नकोस. सकाळीही तूच आली होतीस, मला माहीत आहे. आणि दुपारीही."

थोरलीला वाटलं, ऐकून घेते आहे, लहानपणी घ्यायची तशी. मधे घोडी होती, तोंड दिसत नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं घशाशी आलं.

"तुला सगळं मिळालं. मी कधी नाही म्हटलं नाही. आई आजारी पडली तेव्हा मी इथे होते, आणि ती शेवटपर्यंत नाव तुझं घेत होती. ते ऐकत मी तिचे पाय चेपत बसायचे. बाबांना फोन मी रोज करते, पण तुझा आला की त्यांचा आवाज बदलतो. घे, सगळं घे. पण ही नाही. हिला मी जगवलंय." तिने डावा हात भुरीच्या नाकावर ठेवला. "खरं सांगू? तू परत आलीस ना, मला आनंद झाला नाही. तू इथे नसावीस असंच मला वाटतं. भुरी माझ्याजवळ असावी आणि तू कुठेच नसावीस. बस, एवढंच हवंय मला."

खरारा थांबला. मग अगदी जवळून हुंकार आला.

थोरलीचा डावा हात त्या वेळी भुरीच्या नाकपुडीवर होता. नाकपुडी गार होती. भुरीने श्वास रोखून धरला होता. हुंकार भुरीने केलेला नव्हता. तो पलीकडून आला होता.

"ताई!" मागून हाक आली. धाकटी वरून, उतारावरून खाली येत होती. तिच्या पायांत तिचे लाल गमबूट होते आणि हातात चार्जिंगची वायर लोंबत होती. "किती वेळ हाका मारतेय! राखणदाराच्या खोलीतून बाबांना फोन करून आले. तू कुणाशी बोलत होतीस?"

थोरलीने वाकून पोटाखालून पाहिलं. पलीकडे गवत होतं, आणि पायांखाली दबलेलं ते हळूहळू वर उठत होतं.

"भुरीशी," ती म्हणाली.

५

भुरीला त्याच वेळी वर न्यायला हवं होतं. ते थोरलीला कळत होतं. पण वर म्हणजे धाकटीच्या शेजारी, आणि का आणलंस असं तिने विचारलं तर काय सांगायचं? कुणीतरी होतं असं सांगितलं की त्याच्याशी काय बोललीस हेही आलं. आणि ते धाकटीच्या तोंडावर सांगायचं धैर्य तिच्यात नव्हतं. मधे घोडं असतं तर गोष्ट वेगळी.

शिवाय होतं कोण? धुकं होतं. स्वतःच्याच खराऱ्याचा आवाज कधी कधी घुमतो. पाय म्हणजे कठड्याच्या नळ्या असतील. त्या पायांत बूट होते का, हे ती आठवून पाहत राहिली. आठवलं ते तिला नको होतं, म्हणून तिने कूस बदलली.

धाकटी शेजारी शांत झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून.

६

सकाळी धुकं खांद्यापर्यंत आलं होतं. "आजच निघू," थोरली म्हणाली. तिला वाटलं धाकटी कारण विचारेल, पण तिने खरारा उचलला आणि म्हणाली, "चल, आधी भुरीला करू. तू तुझ्या बाजूला, मी माझ्या. मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि समोरासमोर नाही जमणार."

दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. थोरलीने वाकून पाहिलं. पलीकडे लाल गमबूट होते. तिच्या जिवात जीव आला.

"ताई, भुरी तुझी आहे," धाकटी पलीकडून म्हणाली. "काल फोनवर बाबांना सांगून टाकलं. तिला माझ्या आवारात ठेवू, पण ती तुझी. तू रोज ये. खरं म्हणजे त्यासाठीच मी एवढं आवार असलेलं घर घेतलं. आई गेली तेव्हा मी नव्हते. तू एकटी होतीस. ते मला फार लागतं गं. म्हटलं भुरीच्या निमित्ताने तरी तू माझ्याकडे येशील."

थोरलीचा खरारा थांबला. जे हिसकावून घ्यायला ती कंबर कसून आली होती, ते काल संध्याकाळीच तिचं झालं होतं, ती इथे उभी राहून नको ते बोलत होती नेमकी तेव्हा. लाजेने तिचे कान तापले.

"रडतेस का?" धाकटी हसत, नाक ओढत म्हणाली. "थांब, बादली भरून आणते. तोंड धू, नाहीतर राखणदार म्हणेल घोडीने लाथ मारली."

ती नळाकडे निघाली. तिच्याबरोबर जावं असं थोरलीच्या मनात आलं. पण भुरी आता तिची होती, हक्काने तिची, आणि त्या आनंदात एकटीने क्षणभर राहावं असंही आलं. लाल बूट धुक्यात गेले तशी तिने भुरीच्या मानेला मिठी मारली आणि डोळे मिटले. नळाखाली बादली ठेवल्याचा आणि पाणी सोडल्याचा आवाज आला.

मग पलीकडून खरारा पुन्हा सुरू झाला.

"एवढ्यात आलीस?" थोरली डोळे पुसत म्हणाली. "बादली कुठेय?"

"राहू दे," धाकटी म्हणाली. आवाज तिचाच होता.

थोरलीने वाकून पाहिलं. पाय अनवाणी होते, स्वच्छ, पांढरे, ओल्या गवतात नुसते ठेवल्यासारखे. "बूट काढलेस? एवढ्या थंडीत?"

"ओले झाले."

असेल, थोरलीने स्वतःला सांगितलं. नळाशी चिखल होता. तिने भुरीच्या पाठीवर हात ठेवला. हाताखालचे केस सरकत होते. पलीकडचा खरारा शेपटीकडून मानेकडे येत होता, आणि पाठीच्या कण्यापाशी केस उलटे होत थोरलीच्या बोटांत येऊन थांबत होते.

"काल तू म्हणालीस ना," धाकटी प्रेमाने म्हणाली, "की मी इथे नसावी. मी मनावर नाही घेतलं हं, ताई. घोडीच्या पलीकडून बोललेलं ते."

काल धाकटी फोनवर होती.

नळाचं पाणी अजून वाहत होतं. धुकं जरासं विरळ झालं तशी थोरलीला बादली दिसली, भरून वाहणारी. तिच्या शेजारी लाल गमबूट उभे होते, टाचेला टाच लावून, दाराबाहेर काढून ठेवतात तसे. वर काका कठड्याला धडका देत होता.

भुरीने मान वळवली. ती हुंकारली नाही. तिने थोरलीच्या काखेत तोंड खुपसलं, शिंगरू असताना खुपसायची तसं, आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. इतकी ती थोरलीची कधीच झाली नव्हती.

"निघायचं ना घरी?" पलीकडून प्रश्न आला. "बाबा वाट बघत असतील."

घोडीच्या मागून पावलं यायला लागली. भुरीच्या पुठ्ठ्यावर एक हात ठेवलेला होता, घोड्याला कळावं म्हणून ठेवतात तसा, आणि तो घसरत घसरत थोरलीच्या बाजूला वळत होता. थोरलीने आपला हात काढला नाही, बोलणंही थांबवलं नाही. एवढं एकच तिला येत होतं.

"हो," ती म्हणाली, "निघूया. हो. निघूया घरी."

आणि अगदी तिच्या कानाशी कुणीतरी लाडाने हुंकारलं.